आमच्या सरांवर विकिपीडियात लेख होऊ शकतो का? नाशिकच्या बैठकांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण नाशिकमध्ये मराठी विकिपीडियावर लिहू इच्छिणाऱ्यांसोबत अधूनमधून बसतो. खातं उघडणं, संदर्भ जोडणं, धूळपाटीवर सराव करणं इथवर सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी हात वर करतं आणि विचारतं, "आमच्या सरांवर लेख लिहायचाय, चालेल का?" तिथून पुढचा सगळा वेळ त्या एका प्रश्नात जातो. परत परत येणारे प्रश्न आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. निकष मुख्यतः इंग्रजी विकिपीडियावरचे आहेत. प्रत्येक भाषेतला विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो, पण मराठीत चर्चा करतानाही मी हेच निकष पुढे ठेवतो, कारण ते विचारपूर्वक केलेले आहेत.

"उल्लेखनीय" म्हणजे नेमकं काय? थोर, विद्वान की प्रसिद्ध?

तिन्हीपैकी एकही नाही. माणूस थोर असू शकतो आणि त्याच्यावर लेख होऊ शकत नाही. उल्लेखनीयता म्हणजे त्या व्यक्तीशी काही देणंघेणं नसलेल्या इतरांनी, विश्वासार्ह ठिकाणी, तिची किंवा तिच्या कामाची पुरेशी लेखी दखल घेतलेली असणं. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. "इतरांनी" म्हणजे स्वतः नव्हे, संस्थेने नव्हे, प्रकाशकाने नव्हे. "लेखी" म्हणजे सत्कार समारंभातलं भाषण नव्हे. आणि "पुरेशी" म्हणजे पाहुण्यांच्या यादीत आलेलं नाव नव्हे.

असं का, ते समजून घ्यायला जुन्या कोशांकडे बघावं. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशात कुणाला जागा द्यायची ते केतकर आणि त्यांचं संपादक मंडळ ठरवत होतं. वाईच्या मराठी विश्वकोशात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांचे विषयतज्ज्ञ ठरवत होते. त्यांच्या शब्दाला वजन होतं. विकिपीडियावर तशी खुर्चीच नाही. लिहिणारा मी कोण, हे वाचकाला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. म्हणून "सर फार विद्वान आहेत" या माझ्या मताला तिथे काही किंमत नाही. कुणालाही उघडून तपासता येईल असा कागद लागतो.

मग अभ्यासकांसाठी वेगळे निकष कशाला?

नटाची मुलाखत छापून येते, क्रिकेटपटूच्या प्रत्येक डावाची बातमी होते. संशोधकाबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. लोक त्याच्या कामाबद्दल लिहितात, त्याचा निष्कर्ष वापरतात, त्यावर वाद घालतात. सर्वसाधारण नियम जसाच्या तसा लावला तर मोठमोठे शास्त्रज्ञ बाहेर राहतील. म्हणून अभ्यासकांसाठी आठ निकष आहेत आणि त्यांतला एक जरी नीट सिद्ध झाला तरी पुरतं.

पहिला आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा निकष म्हणजे आपल्या विषयावर ठळक प्रभाव. मग राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचा अत्यंत मानाचा पुरस्कार. निवडून सदस्य घेणाऱ्या विद्वत्संस्थेची फेलोशिप. अनेक संस्थांमधल्या उच्च शिक्षणावर परिणाम करणारं काम, उदाहरणार्थ ठिकठिकाणी लावलेलं पाठ्यपुस्तक. मोठ्या विद्यापीठातलं विशेष मानाचं किंवा नामांकित, म्हणजे कुणाच्या तरी नावाने ठेवलेलं, प्राध्यापकपद. विद्यापीठाचं किंवा विद्वत्संस्थेचं सर्वोच्च पद. अभ्यासक या नात्याने विद्यापीठाबाहेरच्या समाजावर पडलेला प्रभाव. आणि शेवटचा, आपल्या विषयातल्या प्रस्थापित संशोधनपत्रिकेचं प्रमुख संपादकपद.

यात "पीएच.डी. आहे", "तीस वर्षं शिकवलं", "विद्यार्थ्यांत लोकप्रिय" हे कुठेच नाही. बैठकीत इथे थोडी शांतता पसरते. ती मला समजते.

पीएच.डी. नाही, कधी प्राध्यापकही नव्हते. तरी चालेल?

चालेल, आणि उदाहरण शोधायला नाशिककरांना लांब जायला नको. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, शिक्षण बी.एस्सी.पर्यंत, आणि सारी नोकरी देवळालीत शाळामास्तर म्हणून. वरची आठ कलमं त्यांना लावून बघा. मोठी फेलोशिप नाही, नामांकित प्राध्यापकपद नाही, कुलगुरूपद नाही. उरतं पहिलं कलम, आणि त्यात ते भक्कम बसतात.

त्यांचा ६१७४ हा अंक बैठकीत मी फळ्यावर करूनच दाखवतो. त्यांचंच जन्मसाल घ्या. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने लावले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. पुन्हा तेच केलं की ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. त्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतो. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचते. १९०५ ला पूर्ण सात लागतात.

गणित सुंदर आहे, पण लेख त्या सौंदर्यावर उभा राहत नाही. कापरेकरांनी आपलं बरंच काम स्वखर्चाने छापलं होतं. त्या पुस्तिका त्यांच्या कामाचा पुरावा आहेत, उल्लेखनीयतेचा नाहीत. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला, तोही त्यांचा स्वतःचाच शब्द झाला. उल्लेखनीयता येते ती दुसऱ्यांकडून. मार्च १९७५ च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं. त्यानंतर जगभरचे गणिती "कापरेकर स्थिरांक" आणि "कापरेकर संख्या" ही नावं वापरत आले, आजही वापरतात. देवळालीतल्या मास्तरांना यातल्या कुणालाही सांगावं लागलं नाही की माझं नाव घ्या.

सरांच्या नावावर ऐंशी शोधनिबंध आहेत. एवढे पुरे ना?

निबंध किती लिहिले यापेक्षा ते कुणी वाचले आणि वापरले, हे बघतात. दोन निबंध असलेला माणूस बसू शकतो आणि दोनशे असलेला बाहेर राहू शकतो.

लोक लगेच गूगल स्कॉलर उघडून एच-इंडेक्स दाखवतात. ही मोजपट्टी २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. २० एच-इंडेक्स म्हणजे किमान २० निबंध असे, की प्रत्येकाला किमान २० सायटेशन, म्हणजे इतर निबंधांत घेतलेले संदर्भ, आहेत. एकट्या त्या आकड्यावर निर्णय होत नाही. वैद्यकात एका निबंधावर दहा-पंधरा नावं असतात आणि सायटेशन भराभर वाढतात. शुद्ध गणितात किंवा शिलालेखांच्या अभ्यासात चाळीस सायटेशन हीसुद्धा मोठी गोष्ट असू शकते. तुलना नेहमी त्याच विषयातल्या माणसांशी करायची. लेखकाने स्वतःचेच निबंध उद्धृत केले असतील तर ते मनातल्या मनात वजा करायचे.

आणि पत्रिका कुठली ते बघा. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणाऱ्या पत्रिका आपल्याकडे भरपूर झाल्या आहेत. बढतीच्या गुणांसाठी अनेकांना तिथे छापावं लागलं, त्यात त्या माणसाचा दोष असेलच असं नाही. पण तो निबंध इथे उपयोगाचा नाही.

सरांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. गूगल स्कॉलरवर त्यांचं काहीच सापडत नाही. मग संपलं का?

नाही, आणि या प्रश्नासाठीच मला हे पान लिहावंसं वाटलं.

इंटरनेटवर दखल सापडत नाही याचा अर्थ दखल घेतलीच गेली नाही असा होत नाही. मराठीतला विद्याव्यवहार बराचसा कागदावर झाला आणि अजून कागदावरच आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, महाराष्ट्र साहित्य पत्रिका, नवभारत, समाज प्रबोधन पत्रिका, भाषा आणि जीवन. इतिहास, भाषा, समाजशास्त्रात मराठीतून काम करणाऱ्या माणसाच्या पुस्तकाचं परीक्षण आलं असेल तर ते अशाच ठिकाणी. विकिपीडियाच्या नियमांत छापील संदर्भ पूर्णपणे चालतो. तो मराठी असला तरी चालतो. अंक, वर्ष, पान, लेखक एवढं नीट दिलं की झालं. दुवा असलाच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी लिहिलेला पहिलाच लेख माझ्या कॉलेजच्या सरांवर होता आणि तो वगळला गेला. संदर्भ म्हणून मी दिलं होतं कॉलेजचं वार्षिक, सत्काराची निमंत्रणपत्रिका आणि त्यांच्याच पुस्तकाचं मलपृष्ठ. म्हणजे संस्था, आयोजक आणि प्रकाशक. त्रयस्थ एकही नाही. वगळण्याचं कारण वाचून मला फार लागलं होतं, पण कारण बरोबर होतं.

नंतर काही महिने मी दर शनिवारी वाचनालयात बसलो. नाशिकला १८४० सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, पुस्तकांवर जीव लावणारं हे शहर आहे, याचा त्या दिवसांत मला फार आधार वाटला. नियतकालिकांचे जुने बांधीव खंड मागवायचे, वर्षाची अनुक्रमणिका उघडायची, बोट फिरवत खाली यायचं. बहुतेक शनिवारी हाती काही लागत नसे. मग एका खंडात सरांच्या पुस्तकाचं चार पानी परीक्षण मिळालं, लिहिणारा माणूस दुसऱ्या विद्यापीठातला, आणि त्याने दोन मुद्द्यांवर सरांना कडकडून विरोध केलेला. त्या विरोधामुळे मला जास्त आनंद झाला. ओळखीतलं कौतुक कुणीही लिहितं. चार पानं भांडायला पुस्तक वाचावं लागतं. पुढे आणखी एक परीक्षण मिळालं, मग एका प्रबंधात सरांच्या मांडणीवर अख्खं प्रकरण. त्या तीन संदर्भांवर लेख नव्याने लिहिला. तो टिकला.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकासाठी शोधण्याचा क्रम माझ्या मते असा. आधी पुस्तकांची परीक्षणं. मग त्याच विषयावर नंतर झालेले प्रबंध आणि ग्रंथ, त्यांतल्या तळटीपा आणि सूची. मग कोशांतल्या नोंदी. कोणत्याही प्रतिष्ठित कोशात नोंद असेल तर अर्धं काम झालं. आणि शेवटी, पुस्तक कुठल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात लागलं होतं का, ते.

गौरवग्रंथ निघालाय. तो चालतो का?

त्यात कोण लिहितंय यावर अवलंबून आहे. शिष्य आणि कुटुंबीयांच्या आठवणी असतील तर चरित्राचे तपशील घेण्यापुरता चालेल. पण इतर ठिकाणच्या अभ्यासकांनी त्यांच्या संशोधनाचं मूल्यमापन केलं असेल तर तो चांगला पुरावा आहे. विद्वत्क्षेत्रात अशा ग्रंथाला पूर्वीपासून मान आहे.

वर्तमानपत्रात दहा बातम्या आल्यात की!

बातम्या वाचून बघा. "यांच्या हस्ते उद्घाटन", "यांची निवड", "यांचं व्याख्यान उद्या सायंकाळी" ही दखल नव्हे, नोंद आहे. बऱ्याचदा संस्थेने पाठवलेलं निवेदन शब्दशः छापलेलं असतं. तीन दैनिकांत तोच मजकूर दिसला की ओळखावं. सरांनी स्वतः लिहिलेलं सदरही त्यांचं लेखन झालं, त्यांच्यावरचं नव्हे. याउलट एखाद्या पत्रकाराने त्यांच्या कामावर स्वतः शोध घेऊन लिहिलेला एक लेख या दहांपेक्षा जड आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष जयंत नारळीकर यांच्या नावाने आपली वर्तमानपत्रं भरली होती. पण त्यांच्यावरच्या लेखाला त्या बातम्यांची गरजच नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, १९६५ चं पद्मभूषण, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं संस्थापक संचालकपद, मराठीतलं विज्ञानलेखन, यांतलं जवळजवळ प्रत्येक एकेकट्याने पुरेसं आहे.

कोणते पुरस्कार धरतात? आणि पदं?

शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, पद्म सन्मान, साहित्य अकादमी या पातळीवरचे धरतात. आदर्श शिक्षक, जीवनगौरव, तालुका किंवा जिल्हा पातळीवरचे सन्मान लेखात उल्लेख करण्यासारखे असतील, पण त्यावर लेख उभा राहत नाही. प्रवेशशुल्क भरून मिळणारा पुरस्कार लेखात घालूच नका, त्याने बाकीच्या खऱ्या कामाबद्दलही शंका येते. फेलोशिपचंही तसंच. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी किंवा बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस निवडून फेलो करते, ती धरतात. वर्गणी भरून मिळणारं आजीव सदस्यत्व धरत नाहीत.

पदांत कुलगुरू हे पद सहसा पुरतं. आपल्या नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ अशी दोन राज्यस्तरीय विद्यापीठं आहेत, त्यांच्या कुलगुरूंवर लेख होऊ शकतात. मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले तर दूरशिक्षणातल्या कामावरही बसतात. प्राचार्य, विभागप्रमुख, अधिष्ठाता ही पदं एकटी पुरत नाहीत. "अध्यासन प्रमुख" या शब्दाने मात्र गोंधळ होतो. निकषातलं नामांकित प्राध्यापकपद हे एखाद्या विद्वानाला त्याच्या कामाचा मान म्हणून दिलेलं असतं. आपल्याकडचं अध्यासन बऱ्याचदा एका महापुरुषाच्या नावाने चालणारं केंद्र असतं आणि त्याची जबाबदारी आळीपाळीने दिली जाते. दोन्ही एक धरू नका.

आमचे सर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना माहीत आहेत. आमचे गुरुजी पंचवटीत वेद शिकवतात. यांचं काय?

दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्हींत दार बंद नाही. बागायतदारांवर पडलेला प्रभाव सातव्या कलमात येऊ शकतो. फक्त तो कुणीतरी तपशिलात लिहिलेला हवा. कृषी नियतकालिकांचे जुने अंक, संशोधन केंद्रांचे अहवाल, शेतकऱ्यांनी ती पद्धत स्वीकारल्याचं सांगणारं त्रयस्थ लेखन शोधा.

परंपरेने शिकलेल्या पंडितांना पदवी आणि शोधनिबंधांची फूटपट्टी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तर्कतीर्थांकडे आधुनिक विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी वैदिक संस्कृतीचा विकास या ग्रंथासाठी मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ साली त्यांनाच मिळाला. गुरुजींनी संपादित केलेली पोथी कुणा संशोधकाने वापरली असेल, त्यांच्या पाठपरंपरेवर कुणी अभ्यास केला असेल, तर तिथून सुरुवात करा.

नियम लावणाऱ्यांकडून चूक होत नाही का?

होते, आणि मोठीही होते. डोना स्ट्रिकलंड या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ. मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावरचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला. २ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना नोबेल जाहीर झालं. ज्यांच्यासोबत त्यांनी ते संशोधन केलं त्या जेरार मूरू यांच्यावर मात्र लेख आधीपासून होता.

या गोष्टीतून लोक दोन टोकाचे अर्थ काढतात. नियमच टाकाऊ आहेत असं एक, आणि नोबेलआधी त्या उल्लेखनीय नव्हत्याच असं दुसरं. दोन्ही चूक. स्ट्रिकलंड २००८ मध्ये ऑप्टिकल सोसायटी या विद्वत्संस्थेच्या फेलो झाल्या आणि २०१३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे आठांतली दोन कलमं तेव्हाच पूर्ण होत होती. ते कुणी नीट मांडलं नाही आणि कुणी नीट पाहिलंही नाही. बायकांच्या बाबतीत हे अधिक घडतं, कारण त्यांच्यावर लिहिलेलंच कमी असतं. आपल्या शहरातल्या अभ्यासक बाईंवर लिहिताना दुप्पट चिकाटीने शोधा, एवढं मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

मी त्यांची मुलगी आहे. मी लिहू का?

थेट लेख तयार करू नका. धूळपाटीवर किंवा मसुदा म्हणून लिहा, तुमचं नातं चर्चापानावर उघड सांगा आणि दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. घरात जपलेली कात्रणं, पत्रव्यवहार, परीक्षणांच्या प्रती ही तुमची खरी मदत आहे. घरच्यांइतकं नीट ते कुणीच सांभाळलेलं नसतं. विद्यार्थ्यांनाही हेच लागू. अभ्यासकाने स्वतःवर लिहू नये, आणि पैसे घेऊन लेख लिहून देतो म्हणणाऱ्याच्या नादी तर अजिबात लागू नये.

बायोडेटा जसाच्या तसा चिकटवू नका. प्रताधिकाराचा प्रश्न येतो, आणि "अष्टपैलू व्यक्तिमत्त्व" वाचून तपासणारा पुढचं वाचतच नाही.

लेख वगळला गेला. आता काय?

कारण वाचा. चर्चेत भाग घ्या, पण सरांची थोरवी सांगू नका, संदर्भ ठेवा. पंधरा ओळखीच्या लोकांना खाती उघडायला लावून "लेख ठेवा" म्हणायला लावलंत तर उलटच होईल, तिथे मतं मोजत नाहीत. नवे संदर्भ मिळाले की लेख पुन्हा लिहिता येतो.

सगळं शोधलं. निकषात नाहीच बसत. त्यांचं काम असंच विस्मरणात जाऊ द्यायचं?

अजिबात नाही. विश्वकोश दखलीच्या रांगेत शेवटी उभा असतो. आधी कुणीतरी लिहिलं पाहिजे, आणि ते कुणीतरी तुम्ही असू शकता. त्यांच्या पुस्तकाचं परीक्षण एखाद्या त्रैमासिकाला पाठवा. लेखनाची सूची करा, वर्षासह, अंकासह. ते हयात असतील तर या महिन्यातच मुलाखत ध्वनिमुद्रित करा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

आणि विषयाच्या पानाकडे वळा. एका बैठकीत एक ताई आल्या होत्या, त्यांच्या शिक्षिकेने आयुष्यभर नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांवर मराठीत लिहिलं होतं. शिक्षिकेवर लेख होण्याइतके संदर्भ मिळाले नाहीत. ताई फार हिरमुसल्या. मग आम्ही पांडवलेण्यांचं पान उघडलं. तिसऱ्या लेण्यातल्या सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या प्रशस्तीबद्दल तिथे जेमतेम दोन ओळी होत्या, आणि पुढे "संदर्भ हवा" अशी खूण. ताईंनी पिशवीतून शिक्षिकेचं पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि त्या खुणेच्या जागी लेखिकेचं नाव, पुस्तकाचं नाव, वर्ष, पृष्ठ एवढं टंकलं. जतन करण्याआधी त्यांनी नावाचं शुद्धलेखन तीनदा तपासलं.